किरणोत्सव ते किरणोत्सव: दरवर्षी थंडीतच मन का मिटतं?

पेठेतली · १२ नोव्हेंबर, रात्री १०.१५

काल संध्याकाळी इथं कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळात किरणोत्सवाला, म्हणजे मावळतीची किरणं थेट गाभाऱ्याकडं येतात त्या सोहळ्याला, गेले होते. उन्हाची तिरीप आत सरकायला लागली, लोकांनी हात जोडले, आणि मला रडू यायला लागलं. शेजारच्या बाईंना वाटलं भक्तीनं. मला मात्र एवढंच कळत होतं की आता परत ते सुरू होणार.

‘ते’ म्हणजे काय हे मला दिवाळीच्या आवराआवरीत कळलं. स्वयंपाकघरातल्या खिळ्याला एकावर एक टांगलेली जुनी कॅलेंडरं काढली. आमच्याकडं दुधाचा हिशोब, सिलिंडर कधी लावला, भांडीवाल्या मावशींचे खाडे, सगळं त्यावरच लिहितो. लिहिते मीच. टाकायच्या आधी सहज चाळली, चार वर्षांची. दरवर्षी तुळशीच्या लग्नापर्यंत चौकोन गच्च भरलेले. मग विरळ होत जातात. डिसेंबर जवळजवळ कोरा, जानेवारी पूर्ण कोरा. फेब्रुवारीचा पहिला आठवडा गेला की परत माझं अक्षर. चारही वर्षं असंच. त्या महिन्यांत दूधवाल्याला मी पैसे अंदाजानंच दिलेत.

त्या दिवसांत काय होतं ते लिहिते. नऊ-दहा तास झोपूनही अंग जड. दुपारी चारला गूळ-शेंगदाणे खाल्ल्याशिवाय हात चालत नाही, रात्री भातावर भात. चार-पाच किलो वजन वाढतं. लग्नसराईत एकेका लग्नाला काहीतरी कारण सांगून टाळते. बहिणीचा फोन वाजत राहतो, मी बघत राहते. लेकानं काही विचारलं की उत्तर द्यायलासुद्धा जोर लावावा लागतो. आणि सासूबाईंच्या मैत्रिणी म्हणतात, थंडी मानवली हो सूनबाईला.

थंडीतल्या नैराश्याबद्दल वाचलंय, पण ते बर्फातल्या, अंधारातल्या देशांचं. कोल्हापूरच्या डिसेंबरात ऊन कसलं स्वच्छ असतं. मग मला हे का होतंय? मी चार वर्षं याला आळस म्हणत आलेय. कुणाला असं होतं का?

गंगावेस_कट्टा · १२ नोव्हेंबर, रात्री ११.०२

ताई, मोकळं लिहिलंत, बरं केलंत. खरं सांगायचं तर पहिल्यांदा वाचून मला वाटलं, थंडीत पांघरूण कुणाला सोडवतंय? आम्ही पोरं तालमीत असताना पहाटे वस्ताद ओढून काढायचे तेव्हा उठायचो. भूक तर थंडीत लागतेच. पण बहिणीचा फोन वाजतोय आणि उचलवत नाही, तिथं मी थांबलो. ती नुसती थंडी नव्हं. हे नेमकं ओळखायचं कसं, कुणी जाणकार असेल तर सांगा.

निवासी_डॉक्टर · १३ नोव्हेंबर, सकाळी ६.५०

मी मानसोपचारात पदव्युत्तर शिक्षण घेतोय. इथं कुणाचं निदान करणार नाही, ते समोर बसूनच होतं. पण प्रश्न फार चांगला आहे.

ऋतूनुसार येणाऱ्या नैराश्याचं पहिलं नीट वर्णन १९८४ साली अमेरिकेत नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. रोझेन्थाल मूळचे दक्षिण आफ्रिकेतले. उन्हाच्या देशातून तिकडं गेल्यावर हिवाळ्यात आपली उमेद ओसरते हे त्यांना स्वतःवरूनच जाणवलं होतं. आज आम्ही याला वेगळा आजार मानत नाही. नैराश्य तेच, फक्त त्याला ऋतूचा ठरलेला फेरा असतो. फेरा म्हणायला ते किमान दोन वर्षं लागोपाठ त्याच ऋतूत यायला हवं, ऋतू सरला की पूर्ण जायला हवं, आणि त्या दोन वर्षांत इतर वेळी नैराश्य आलेलं नसावं. म्हणून ताई, तुमची ती चार कॅलेंडरं टाकू नका. रुग्णाला ‘किती दिवस असं होतंय?’ विचारलं की बहुतेक जण ‘बरेच दिवस’ म्हणतात. इतका स्वच्छ पुरावा क्वचित हातात येतो.

आता गंगावेसच्या दादांचा प्रश्न. नैराश्य म्हटलं की झोप उडालेला, जेवण तुटलेला, सुकलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. हिवाळ्यातल्या प्रकारात बऱ्याचदा उलटं असतं. झोप वाढते, खाणं वाढतं, त्यातही गोड आणि पिष्टमय, वजन चढतं, माणसांत जाववत नाही. आपल्याकडं थंडीत अंगावर मूठभर मांस चढणं ही तब्येत सुधारल्याची खूण, त्यामुळं घरात कुणाला शंकाच येत नाही. फरक बघायचा तो दुसरीकडं. पांघरुणातून उठायला उशीर झाला पण उठल्यावर चहा, गप्पा, काम यांत गोडी वाटते, तर ती थंडी. ज्या गोष्टींत एरवी जीव रमतो त्यांचीच चव गेली, दिवसाचा बहुतेक वेळ तसं वाटतं, दोन आठवड्यांच्या वर चाललंय आणि कामावर, नात्यांवर परिणाम होतोय, तर डॉक्टरकडं जायचं. तरुण वयात सुरुवात होते, बायकांत जास्त आढळतं.

आणि एक. हिवाळ्याच्या नैराश्यासारखं दिसणारं बरंच काही असतं. थायरॉइड मंद असेल तरी झोप, वजन, थंडी न सोसणं हेच दिसतं. रक्त कमी असेल, बी-१२ कमी असेल तरी अंग ओढवत नाही. त्या तपासण्या आधी करून घ्या.

भूगोल_मास्तर · १३ नोव्हेंबर, दुपारी १.२०

कोल्हापुरात अंधार कुठला, यावर थोडं मी लिहितो. निवृत्त शिक्षक आहे, या विषयावर मला आवरत नाही.

आपण साधारण १६.७ अंश उत्तर अक्षांशावर. आपला सर्वांत लहान दिवस अकरा तासांच्या थोडा वर, सर्वांत मोठा तेरा तासांच्या थोडा वर. म्हणजे उन्हाळा-हिवाळ्यात फरक दोनच तासांचा. लंडनला डिसेंबरात दिवस आठ तासांच्याही आत येतो. तेव्हा ताईंची शंका रास्त आहे.

पण दोन गोष्टी बघा. भारताचं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलंय, तो रेखांश मिर्झापूरजवळून जातो. आपण ७४ अंशांवर. त्यामुळं आपल्याकडं सूर्य घड्याळाच्या हिशोबानं तेहतीस मिनिटं उशिरा येतो. जानेवारीच्या मध्यात कोल्हापूरचा सूर्योदय सातनंतर होतो. पाचला उठून डबे करणाऱ्या बाईचे पहिले दोन तास ट्यूबलाइटखाली जातात.

दुसरी गोष्ट लिहिताना मलाच नवल वाटतंय. किरणोत्सव ९, १० आणि ११ नोव्हेंबरला, आणि परत ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला. सर्वांत लहान दिवस २१ किंवा २२ डिसेंबरचा. मोजून बघा, पहिला किरणोत्सव त्याच्या बेचाळीसेक दिवस आधी, दुसरा तितकेच दिवस नंतर. मावळतीचा सूर्य दक्षिणेकडं जाताना ज्या कोनातून देवळात किरण टाकतो, त्याच कोनात तो परतताना येतो. या दोहोंच्या मधले दिवस म्हणजे कोल्हापूरचे वर्षातले सर्वांत लहान दिवस, सगळे साडेअकरा तासांच्या आतले. ताईंची कोरी पानं नेमकी तीच. यावरून कारण सिद्ध होत नाही, पण माझ्या मनातून ते जात नाही.

उत्तरेकडचा_कोल्हापूरकर · १३ नोव्हेंबर, रात्री १०.४८

मी सध्या एडिनबरात. ५६ अंश उत्तर. डिसेंबरात सूर्य पावणेनऊच्या सुमारास येतो, पावणेचारच्या आत जातो, आणि आला तरी ढगामागे. कामावर जाताना अंधार, येताना अंधार.

पहिल्या हिवाळ्यात मला वाटलं घरची आठवण येतेय. आईला रोज फोन करायचो, मग आठवड्यातून एकदा, मग तोही नकोसा. पांढरा रस्सा करायला शिकलो होतो, ते सोडलं आणि ब्रेड, बिस्किटं, चॉकलेटवर आलो. मार्चमध्ये आपोआप बरं वाटलं, मी विसरलो. दुसऱ्या ऑक्टोबरात परत तेच, तेव्हा घाबरलो.

डॉक्टरांनी उजेडाच्या दिव्याबद्दल सांगितलं. १०,००० लक्सचा (लक्स म्हणजे उजेडाचं माप), अतिनील किरण गाळलेला. सकाळी उठल्याउठल्या अर्धा तास, हातभर अंतरावर, थोडा वर आणि बाजूला ठेवायचा. डोळे उघडे, पण दिव्याकडं टक लावून बघायचं नाही. मी समोर नाश्ता करतो, वर्तमानपत्र वाचतो. आठ-दहा दिवसांनी एका सकाळी मी भांडी घासताना गुणगुणत होतो, तेव्हा कळलं काहीतरी हललंय. एकदा संध्याकाळी लावून बसलो आणि रात्री दोनपर्यंत झोप नाही, तेव्हा वेळ सकाळचीच. दिवा देण्याआधी डॉक्टरांनी दोन प्रश्न खोदून विचारले: डोळ्यांचा काही आजार आहे का, आणि घरात कुणाला उन्मादाचे झटके येतात का. दुसरा प्रश्न का, ते इथल्या डॉक्टरांनी सांगावं.

पेठेतली ताई, तुम्ही दिवसभरात उजेड किती बघता, ते एकदा मोजा.

निवासी_डॉक्टर · १४ नोव्हेंबर, सकाळी ६.४०

ज्यांना कधी उन्माद, म्हणजे मन अतोनात चढलेलं, आणि कधी नैराश्य असा द्विध्रुवीय आजार आहे, त्यांच्यात जोरदार उजेडानं उन्मादाचा झटका येऊ शकतो. म्हणून दिवा ऑनलाइन मागवून आपला आपण लावू नका.

उजेडाचं काम असं चालतं. आपल्या दृष्टिपटलात काही पेशी बघण्यासाठी नसतातच, त्या मेंदूतल्या घड्याळाला ‘दिवस उजाडला’ एवढंच कळवतात. अंधारात मेलाटोनिन हे झोपेशी जोडलेलं संप्रेरक स्रवतं, सकाळच्या उजेडानं ते थांबतं. सकाळचा उजेड उशिरा किंवा अपुरा मिळाला की घड्याळ मागे पडतं, शरीर उठतं पण आत अजून रात्रच असते. हिवाळ्याच्या नैराश्यामागचं हे एक स्पष्टीकरण. सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाचाही भाग आहे, तो अजून पूर्ण उलगडलेला नाही.

घरातल्या ट्यूबलाइटचा उजेड शंभर ते तीनशे लक्स. आपल्याकडं सकाळी उन्हं अंगावर आली की उघड्यावर दहा हजारांच्या वर सहज जातं, भर दुपारच्या उन्हात लाखापर्यंत. एडिनबरातल्या दादांना जे विकत घ्यावं लागलं ते आपल्या गच्चीवर पडलेलं असतं. फक्त सूर्याकडं बघायचं नाही.

पेठेतली · १४ नोव्हेंबर, रात्री ९.३०

मोजलं. पाचला उठते, स्वयंपाकघराची खिडकी शेजारच्या भिंतीला लागून. साडेनऊला स्कूटरवरून निघते, तोंडाला स्कार्फ, डोळ्यांना गॉगल. पंधरा मिनिटं. ऑफिसात हिशोबाच्या आतल्या खोलीत, खिडकीला कपाट टेकवलेलं. डबा जागेवरच. सातला सुटते. उन्हाळ्यात सुटताना थोडा उजेड तरी असतो, आत्ता तोही नाही. म्हणजे कोल्हापुरात राहून मला दिवसाचा उजेड मिळतो पंधरा मिनिटं, तोही काळ्या काचेतून.

साखर_हंगाम · १६ नोव्हेंबर, दुपारी ४.०५

मी कारखान्यात बॉयलरला आहे. आमचा गाळप हंगाम दिवाळीच्या पुढं-मागं सुरू होतो तो मार्चपर्यंत. पाळ्या फिरत्या. तिसऱ्या पाळीवरनं सकाळी आलो की पडदे लावून झोपायचं, उठेस्तोवर ऊन उतरलेलं. हंगामात मीबी असाच होतो. चिडचिड, पोरांवर हात उगारतो आणि नंतर लई वाईट वाटतं. बायको म्हणते हंगाम आला की तुम्ही दुसरेच होता. मलाबी हाच आजार का?

निवासी_डॉक्टर · १६ नोव्हेंबर, रात्री ८.१०

दादा, बायको ओळखते म्हणजे तुमचंही घरात कॅलेंडर आहेच. तुमच्याकडं मात्र ऋतूबरोबर पाळीही बदलते. रात्रभर जागून दिवसा झोपल्यानं शरीराचं घड्याळ विस्कटतं, तो स्वतंत्र त्रास आहे आणि त्यावरचे उपाय वेगळे. निदान करताना एक नियम असाच आहे: दर ऋतूत ठरलेलं बाहेरचं कारण असेल, जसं हंगाम संपल्यावर हंगामी कामगाराची बेकारी, तर ते या प्रकारात मोजत नाहीत. याचा अर्थ तुमचा त्रास कमी असा मुळीच नाही. पोरांवर हात उगारल्याचं तुम्ही इथं लिहिलंत, तेच डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा.

पंचगंगा_काठ · १७ नोव्हेंबर, सकाळी ११.३०

आमचं उलटं आहे. थंडीत मी ठणठणीत. आषाढ लागला, आठ-आठ दिवस सूर्य दिसेनासा झाला की माझं मन खचतं. २०१९ च्या ऑगस्टात आमच्या घरात छातीभर पाणी होतं, २०२१ च्या जुलैत परत. आता नदीची पातळी वाढल्याची बातमी आली तरी रात्रभर जागी असते. लोक म्हणतात पाऊस आहे, होणारच.

निवासी_डॉक्टर · १७ नोव्हेंबर, रात्री ९.००

ढगाळ महिन्यांचा मनावर परिणाम होऊ शकतो. पण तुमची रात्रभरची जाग आणि पाण्याची धास्ती वाचून मला उजेडापेक्षा महापुराचा आघात जास्त दिसतो. त्यावर चांगले उपचार आहेत. पुढच्या पावसाची वाट बघू नका, आत्ता बऱ्या आहात तेव्हाच जा.

गच्चीवरची_तुळस · १९ नोव्हेंबर, सायंकाळी ६.४५

मी सांगू का, ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्या आणि मन कामात गुंतवा. माझ्या भाचीला त्यानंच बरं वाटलं.

पेठेतली · १९ नोव्हेंबर, रात्री १०.२०

मावशी, तुम्ही मायेनं सांगताय हे कळतंय. पण ‘मन गुंतव’ हे मी चार हिवाळे स्वतःला सांगितलंय. गुंतवायला मन हातात यावं लागतं. त्या दिवसांत ते हाताला लागत नाही. मला कुणी ‘चल, गच्चीवर चहा पिऊ’ म्हणालं असतं तर मी गेले असते, कदाचित. ‘उठ, आवर’ म्हणाल्यावर नुसती लाज वाढायची.

निवासी_डॉक्टर · २० नोव्हेंबर, सकाळी ६.४५

ड जीवनसत्त्व कमी असेल तर जरूर घ्या, हाडांसाठी लागतंच. त्यानं हे नैराश्य बरं होतं असं मात्र सिद्ध झालेलं नाही.

उपचार तीन. सकाळचा उजेड, नैराश्यावरची औषधं, आणि विचार-वर्तन बदलणारी संवादोपचाराची पद्धत. या तिसऱ्याबद्दल अमेरिकेत व्हरमाँट विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ डॉ. केली रोहन यांचं काम मला महत्त्वाचं वाटतं. उपचार घेतले त्या हिवाळ्यात दिवा आणि संवादोपचार सारखेच लागू पडले, पण दोन हिवाळ्यांनंतर संवादोपचार घेतलेल्यांत नैराश्य कमी जणांना उलटून आलं. दिवा रोज लावावा लागतो, शिकलेली गोष्ट माणसाबरोबर राहते. ज्यांना दरवर्षी होतं त्यांना काही वेळा ऋतू सुरू व्हायच्या आधीच औषध देतात. तेव्हा नोव्हेंबर म्हणजे उशीर झालेला नाही.

कुठं जायचं असं खासगीत बऱ्याच जणांनी विचारलंय. सीपीआरला, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयात, मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग आहे. घरातून निघवत नसेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आणि जगणं नकोसं वाटत असेल, मरणाचे विचार येत असतील तर उद्यावर टाकू नका. त्याच दिवशी घरातल्या एकाला सांगा आणि फोन करा.

गंगावेस_कट्टा · २० नोव्हेंबर, रात्री ११.१५

आमच्या कट्ट्यावर एक गडी रोज धारोष्ण दूध प्यायला यायचा. दोन-तीन थंड्या तो डिसेंबरात गायब व्हायचा, आम्ही म्हणायचो रग जिरली. हा धागा वाचून आज त्याच्या घरी गेलो. अंधाऱ्या खोलीत बसलेला. बोलला काही नाही, पण मी उठायला लागलो तेव्हा म्हणाला, बस थोडा. उद्या परत जाणाराय.

पेठेतली · २ फेब्रुवारी, रात्री ९.५०

धागा वर काढतेय. आज किरणोत्सवाचा शेवटचा दिवस, म्हणून मुद्दाम.

नोव्हेंबरच्या शेवटी मानसोपचारतज्ज्ञांकडं गेले, पिशवीत चार कॅलेंडरं घेऊन. त्यांनी एकेक पान उलटून बघितलं. तपासण्यांत थायरॉइड ठीक निघालं, हिमोग्लोबिन ९ च्या आसपास. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, नैराश्याची एक गोळी सुरू झाली, आणि सकाळी उजेडात चालायला सांगितलं. त्यामुळं बरं कशानं वाटलं हे मला सांगता येणार नाही. डॉक्टरही म्हणाले, यंदा एकट्या उजेडाला श्रेय देऊ नका.

डबे आता आदल्या रात्री अर्धे तयार करून ठेवते. सव्वासातला रंकाळ्यावर. पहिले आठ दिवस नवरा स्कूटर काढून खाली उभा राहायचा, हॉर्न वाजवायचा नाही, नुसता उभा. त्यानंच मी उतरायचे. संध्यामठाच्या बाजूनं चालायला लागलं की शालिनी पॅलेसपर्यंत येईस्तोवर पाण्यावर ऊन पसरलेलं असतं. गॉगल लावत नाही. ऑफिसात साहेबांना विचारून कपाट हलवलं, खिडकी मोकळी झाली.

सगळं छान झालं असं लिहिणार नाही. संक्रांतीच्या आधीचा आठवडा फार वाईट गेला. चार दिवस उठलेच नाही, तिळगूळ सासूबाईंनी केले. पाचव्या दिवशी बहिणीचा फोन आला, उचलला आणि सांगितलं, मला बरं नाही, मनाचं बरं नाही. ती संध्याकाळी इचलकरंजीहून आली. रात्री एकाच पांघरुणात झोपलो, लहानपणीसारखं.

आज कॅलेंडर मोजलं. डिसेंबरात एकोणीस चौकोन भरलेत, जानेवारीत सोळा. त्यातले काही नवऱ्याच्या अक्षरात, ‘दूध दीड लि.’ असं मोठ्ठं लिहिलेलं. मी चालणारच आहे. रविवारी कुणी येणार असेल तर शालिनी पॅलेससमोर भेटू.

भूगोल_मास्तर · २ फेब्रुवारी, रात्री १०.०५

येतो. रविवारी सूर्योदय सातच्या थोडा नंतर, तेव्हा सव्वासात बरोबर आहे.

साखर_हंगाम · २ फेब्रुवारी, रात्री ११.३०

पुढल्या आठवड्यात मला पहिली पाळी, हा रविवार सुट्टीचा. डॉक्टरांची दुसरी भेट झाली, ती सविस्तर तिथंच सांगतो. दोन्ही पोरांना घेऊन आलो तर चालंल का?

पेठेतली · २ फेब्रुवारी, रात्री ११.३४

आणा की. त्यांच्यासाठी दूध मी आणते.